सातपूरची फेरी आणि नेटवर्क्स फाइलमधले एक शून्य

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात जुना सी प्रोग्रॅम चालतो. यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता घेऊन तो ज्या विभागाच्या नेटवर्कचा असेल, त्याचे नाव अहवालात छापणे एवढेच त्याचे काम. परंतु पेंट शॉपचे नाव छापले जाणे बंद झाले होते. पुण्यात माझ्या संगणकावर हाच प्रोग्रॅम बिनचूक चालत असल्यामुळे प्रत्यक्ष जाणे भाग पडले.

पहाटेच्या एसटीने शिवाजीनगरहून नारायणगाव, संगमनेर, सिन्नर या मार्गाने नाशिक गाठले. सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकाहून सातपूरला त्र्यंबक रस्त्याने रिक्षा किंवा सिटीलिंक या शहर बससेवेची बस मिळते. मात्र श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरच्या गर्दीमुळे हा रस्ता टाळणे बरे. लॅपटॉपची नोंद करण्यात प्रवेशद्वाराशी बराच वेळ गेला, तेव्हा त्याचा अनुक्रमांक आधीच कळवून ठेवावा.

लिनक्समध्ये ईटीसी डिरेक्टरीतील नेटवर्क्स (/etc/networks) या फाइलमध्ये प्रत्येक ओळीवर नेटवर्कचे नाव, त्याचा क्रमांक म्हणजे पत्ता आणि हवी असल्यास टोपणनावे असतात. सेटनेटएन्टने सुरुवातीला जायचे, गेटनेटएन्टने नल, म्हणजे ‘काही नाही’ असे उत्तर, मिळेपर्यंत एकेक नोंद वाचायची आणि एंडनेटएन्टने फाइल बंद करायची, असा छोटा प्रोग्रॅम मी तेथेच लिहिला. पेंट शॉपसमोर पहिल्याच वेळी 0.8.168.192 असा उलटा पत्ता उमटला. चूक माझीच होती : नोंदीतील एन_नेट हा पत्त्याचा आकडा संगणकाच्या स्वतःच्या बाइट क्रमाने (बाइट स्मृतीत मांडण्याच्या क्रमाने) मिळतो, तो छापण्यासाठी पत्त्याच्या स्ट्रक्चरमध्ये ठेवण्यापूर्वी एचटीओएनएल या, नेटवर्कच्या बाइट क्रमात बदलणाऱ्या, फंक्शनमधून काढावा लागतो. ते केल्यावर पत्ता सुलट झाला, 192.168.8.0, आणि तेव्हा कुठे खरा प्रश्न दिसला, कारण पेंट शॉपचे नेटवर्क 192.168.10.0 हे आहे.

फाइल उघडून पाहिली. मशिन शॉपसमोर 192.168.101.0, स्टोअरसमोर 192.168.102.0, आणि रकाने एकाखाली एक यावेत म्हणून पेंट शॉपसमोर कोणीतरी नीटनेटकेपणाने 192.168.010.0 असे लिहिले होते. जीलिबसी ही लिनक्सवरची सीची प्रमाण लायब्ररी हा मजकूर आयनेट_नेटवर्क या फंक्शनकडून वाचून घेते आणि ते फंक्शन शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान (आठच्या पायाच्या) पद्धतीची समजते. म्हणून 010 म्हणजे आठ. साहजिकच पत्त्यावरून नोंद शोधणाऱ्या गेटनेटबायअ‍ॅडरला 10 चे नेटवर्क सापडत नव्हते आणि ते नल परत देत होते. पुण्यातल्या माझ्या प्रतीसाठी फोनवर ऐकून ही यादी उतरवताना मी ते शून्य लिहिलेच नव्हते, त्यामुळे पुण्यात दोष दिसणे शक्यच नव्हते. एक शून्य खोडले आणि नाव परतले. माझा आग्रह आहे की अशा कामात फाइल जशीच्या तशी मागवावी. पुन्हा टंकलिहिलेली प्रत कधीही चालवून घेऊ नये.

हाती वेळ होता म्हणून उरलेला कोडही वाचला. नावावरून नोंद शोधणाऱ्या गेटनेटबायनेमकडून मिळालेला पॉइंटर (उत्तराची स्मृतीतील जागा) जपून ठेवून तेच फंक्शन पुन्हा हाकारले होते. उत्तर स्थिर, म्हणजे दर वेळी त्याच, स्मृतीत राहत असल्याने दुसरी हाक पहिले उत्तर पुसते. नाव आणि आकडा लगेच स्वतःच्या बफरमध्ये उतरवावेत, आणि अनेक थ्रेड (एकाच प्रोग्रॅमचे समांतर चालणारे भाग) असतील तर जीलिबसीतील आर प्रत्यय असलेली रूपे वापरावीत. त्यांनी ईरेंज हा दोष दिला तर बफर अपुरा आहे असे समजून तो वाढवावा आणि पुन्हा विचारावे. नोंदी फाइलमधून येतात की आणखी कोठून, हे एनएसस्विच (/etc/nsswitch.conf) फाइलमधील नेटवर्क्सच्या ओळीवर ठरते, म्हणून ती ओळही पाहावी. नेटवर्क्स फाइलमध्ये स्लॅश 26 सारख्या, म्हणजे एका नेटवर्कचे तुकडे केलेल्या, उपविभागांची सोय नाही, हे मात्र तेथील तंत्रज्ञांना दोनदा समजावून सांगावे लागले.

त्यांचा विचार हा प्रोग्रॅम अल्पाइन या छोटेखानी लिनक्सच्या कंटेनरमध्ये (बंदिस्त वातावरणात) हलवण्याचा आहे. तेथे जीलिबसीऐवजी असलेल्या मसल लायब्ररीत ही शोध फंक्शने केवळ नावापुरती असून नेहमी नलच देतात. त्यामुळे स्थलांतरापूर्वी फाइल वाचण्याचा स्वतंत्र कोड लिहून द्यायचे ठरवून मी सायंकाळची पुण्याची गाडी धरली.