पोलीस गाडी ड्युटीवर लावताना: वाटप, जोडणी आणि वापराच्या नियमांचा माझा अनुभव

कोरी गाडी आली की सगळ्यांना आधी तिच्यावर दिवे चढवायचे असतात. मी आधी कागद मागतो. गाडी कोणत्या कामाला, दिवसाला किती पाळ्या चालणार आणि चावी कोणाच्या सहीने हलणार, ही तीन उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय जोडणीला हात लावत नाही. कारण गस्तीची गाडी, आरोपी नेण्याची गाडी आणि अधिकाऱ्याला नेमून दिलेली गाडी यांत आतलं सामान वेगळं, वायरिंग वेगळं आणि वजनाचं गणितही वेगळं. काम नंतर बदललं तर अर्धी जोडणी उखडावी लागते, आणि उखडलेली भोकं गाडीत कायमची राहतात.

वाटपाचे दोनच मूळ प्रकार आहेत. एक, गाडी ठाण्याच्या ताब्यात आणि चालक पाळीप्रमाणे बदलणार. दोन, गाडी एका माणसाच्या नावावर. पहिल्या प्रकारात कमी गाड्यांत काम भागतं, पण गाडी चोवीस तास तापलेली राहते आणि ओरखडा कोणाच्या पाळीत पडला ते कोणीच सांगत नाही. दुसऱ्यात गाड्या जास्त लागतात, पण निगा चांगली राहते आणि घरून थेट घटनास्थळी जाता येतं. घरी नेण्याची परवानगी द्यायची तर मर्यादा आदेशातच लिहाव्यात: घर ते ठाणे अंतर किती, गाडी रात्री कुठे उभी राहणार, शस्त्र आणि वायरलेसचा हँडसेट रात्री गाडीत राहणार की घरात, घरच्या माणसांनी चालवायची नाही, रजा ठरावीक दिवसांपेक्षा जास्त असेल तर गाडी ठाण्यात जमा. ‘गाडीचा गैरवापर करू नये’ असं मोघम वाक्य कोणालाच अडवत नाही. नियमाची माझी कसोटी साधी आहे. पाळी बदलताना गाडीजवळ उभं राहून तो पाच मिनिटांत तपासता आला पाहिजे.

राखीव गाड्यांवर कात्री लावायचा मोह प्रत्येक वेळी होतो. दहा गाड्यांमागे निदान एक पूर्ण सज्ज राखीव हवीच, आणि सज्ज म्हणजे वायरलेस, दिवे, प्रथमोपचार पेटी सगळं असलेली. नाहीतर सर्व्हिसिंगला जायची गाडी ‘आजचा दिवस चालू द्या’ म्हणत महिनाभर चालते.

आता वजन. हा भाग कागदावर कंटाळवाणा वाटतो म्हणून सगळे टाळतात. समजा गाडीची वहनक्षमता ४५० किलो आहे. अंगावरच्या सामानासह दोन पोलीस म्हणजे २०० किलो. पुढच्या आणि मागच्या सीटमधली जाळी ३५, दिवे, सायरन, वायरलेस, संगणक आणि त्यांचे स्टँड ३०, पुढचा लोखंडी गार्ड २०, डिकीतलं सामान ६०. झाले ३४५. उरले १०५ किलो, म्हणजे एक आरोपी. दोन बसवले तर गाडी ओव्हरलोड, आणि त्यातच जोरात ब्रेक मारायची वेळ येते. एकूण वजनाबरोबर मागच्या ॲक्सलवर किती येतं तेही बघावं लागतं, कारण जाळी, डिकी आणि मागची माणसं, सगळा भार तिकडेच. जोडणी झाल्यावर टाकी भरून गाडी वजनकाट्यावर चढवायची, पुढचा आणि मागचा भार वेगळा मोजायचा आणि आकडा गाडीच्या फाइलला लावायचा. हे एकदाच करावं लागतं, तरी फार कमी ठिकाणी होतं.

सगळ्यात जास्त तक्रारी वीजपुरवठ्याच्या. सकाळी सेल्फ लागत नाही, बॅटरी बसलेली. दोष बॅटरीला दिला जातो, नवी बसवली जाते आणि तीन महिन्यांनी पुन्हा तेच. हिशोब करून बघा. छतावरचा एलईडी लाइटबार सुमारे १० अँपिअर, संगणकाचा चार्जर ७, कॅमेरा आणि रेकॉर्डर २, वायरलेस नुसता चालू असताना १. इंजिन बंद करून नाकाबंदीला गाडी उभी केली की हे २० अँपिअर बॅटरीतून जातात. ७० अँपिअर-अवरची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही असं धरलं तर हाताशी ३५ उरतात, म्हणजे पावणेदोन तास. बॅटरी जुनी असेल किंवा थंडी असेल तर त्याहूनही कमी. वायरलेसवर बोलताना १० अँपिअर किंवा त्याहून जास्त लागतात आणि १०० वॉटचा सायरन वाजताना ८ ते १० घेतो, ते वेगळंच.

‘मग इंजिन चालू ठेवू’ हा उपाय वाटतो तितका पक्का नाही. अल्टरनेटरवर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) लिहिलेला आकडा इंजिन वेगात फिरल्यावरचा असतो. आयडलला, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन नुसतं चालू असताना, त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतं, आणि त्यातूनच एसी, हेडलाइट आणि पंखा चालायचा असतो. म्हणून जोडणीतच दोन गट करून घ्या. दिवे, संगणक आणि चार्जर एका रिलेवर (आपोआप चालू-बंद होणारा स्विच), जो व्होल्टेज १२ च्या खाली काही मिनिटं राहिलं की हा गट तोडतो. वायरलेस वेगळ्या लाइनवर, तो शेवटपर्यंत चालू राहिला पाहिजे. विसावलेली पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ हवेत. मल्टीमीटर घेऊन हे तीन आकडे बघायला शिकलेला चालक गॅरेजच्या निम्म्या फेऱ्या वाचवतो.

वायरिंगचं काम बघायला मी स्वतः बॉनेट उघडतो. मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. फ्यूज आत डॅशबोर्डखाली असेल तर बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर उघडीच आहे असं समजा, कारण ती पत्र्याला घासली तर तोडणारं मध्ये काहीच नाही. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी रिंग, हवंच. अर्थची वायर रंगावर आवळून देतात, तिथला रंग खरवडून पत्रा चकचकीत केलेला हवा. दिवे मंद लागणं, कॅमेरा मध्येच बंद पडणं, या तक्रारींचं मूळ बऱ्याचदा या एका बोल्टपाशी सापडतं. आणि गाडीच्या मूळ वायरिंगला टोचून लाइन काढलेली दिसली तर काम परत पाठवायचं. आजच्या गाड्यांत त्याच तारांवरून एअरबॅग आणि एबीएसचे (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) संदेश फिरत असतात.

अँटेना छताच्या मधोमध. १५० मेगाहर्ट्‌झच्या आसपास पाव लहरीची अँटेना साधारण ५० सेंटिमीटर उंच असते आणि तिला खाली पत्र्याचा आधार लागतो. ती कोपऱ्यात सरकवली की एका दिशेला आवाज तुटतो. आणखी एक चाचणी हमखास राहून जाते. इंजिन चालू, लाइटबार चालू, संगणक चालू ठेवून वायरलेसवर दूरच्या स्टेशनचा क्षीण आवाज ऐकायचा, मग एकेक वस्तू बंद करत जायची. दिवे बंद केल्याबरोबर आवाज स्वच्छ झाला तर दिव्यांच्या सर्किटचा गोंगाट वायरलेसमध्ये शिरतोय. ठाण्याच्या अंगणात सिग्नल तगडा असतो, त्यामुळे हा दोष तिथे कळतच नाही. कळतो तो शहराच्या टोकाला, मदत मागताना.

भोकांचा विषय गंमतीचा नाही. २०१७ च्या जुलैमध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या पोलिसांनी आपल्या सुमारे ४०० फोर्ड एक्स्प्लोरर गाड्या रस्त्यावरून काढून घेतल्या, कारण केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड येत असल्याच्या तक्रारी होत्या. पोलिसी सामान बसवताना मागच्या बाजूला पाडलेली आणि नीट न बुजवलेली भोकं काही गाड्यांत सापडली, असं फोर्डने सांगितलं. या वायूला वास नाही. डोकं दुखतं, गुंगी येते आणि माणूस म्हणतो रात्रपाळीचा थकवा. प्रत्येक भोकाची यादी, प्रत्येकाला सीलंट आणि केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, एवढं मी जोडणीच्या करारातच लिहून घेतो.

एअरबॅग उघडायच्या जागेत काहीही बसवायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी संगणकाचं स्टँड तिथेच येतं, कारण हाताला सोयीची जागा तीच. छताच्या कडेचे पडदा-एअरबॅग आणि मधली जाळी यांचं जमतं की नाही हे जाळीच्या उत्पादकाकडून लेखी घ्यावं. सुटं सामानही तितकंच घातक. ताशी ५० किलोमीटरवरून गाडी अर्ध्या मीटरात थांबली तर ५ किलोचा अग्निशामक सुमारे १०० किलोच्या जोराने पुढे येतो. डिकीतल्या सामानाचा धोका तर मागून धडक बसल्यावर. फोर्डच्या जुन्या क्राउन व्हिक्टोरिया पोलीस गाड्यांमध्ये मागून वेगात धडक बसल्यावर टाकी फुटून आगी लागल्या, तेव्हा २००२ मध्ये टाकीभोवती संरक्षक कवचं देण्यात आली आणि डिकीतलं सामान ठरावीक पद्धतीने बसवण्यासाठी खास पेटीही निघाली. टोकदार, जड वस्तू आडव्या, बांधलेल्या आणि टाकीकडे टोक न करता ठेवायच्या.

गाडी तयार झाली की ताबा देणं. लॉगबुकात किलोमीटर, इंजिनचे तास, इंधन, चार बाजूंचे फोटो, सामानाची मोजदाद आणि दोन सह्या, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. दोघं एकाच वेळी गाडीजवळ उभे हवेत. टेबलावर आधीच सही करून ठेवलेलं लॉगबुक म्हणजे कोरा चेक. मागचं सीट मात्र पाळीच्या सुरुवातीला आणि प्रत्येक आरोपी उतरवल्यावर उचलून बघायचंच. ब्लेड, पुड्या, मोबाइलचं सिमकार्ड, काहीही सापडतं, आणि आधी तपासलेलं नसेल तर ते कोणी टाकलं हे कोर्टात सिद्ध होत नाही.

आरोपीला बेड्या घातल्या म्हणून सीटबेल्ट लागत नाही हा गैरसमज जीवघेणा आहे. हात मागे बांधलेला माणूस वळणावर स्वतःला सावरू शकत नाही. २०१५ मध्ये बाल्टिमोरमध्ये फ्रेडी ग्रे या तरुणाला बेल्ट न लावता पोलीस व्हॅनमधून नेलं गेलं, मानेच्या मणक्याला इजा झाली आणि तो दगावला. नियम करायचा तर बेल्ट लावल्याची नोंद कॅमेऱ्यात दिसेल असा करा. स्त्री किंवा अल्पवयीन व्यक्तीला नेताना निघतानाचं आणि पोचल्यावरचं मीटर रीडिंग वायरलेसवर सांगायचं. दोन आकडे, वेळेसकट, कंट्रोलच्या नोंदीत. उद्या आरोप झाला तर हीच नोंद पोलिसाला वाचवते, आणि खरोखर काही घडलं असेल तर हीच पकडते.

सायरनबद्दल चालकांचा समज असा की आवाज सुरू झाला म्हणजे रस्ता आपला. १९६८ च्या व्हिएन्ना वाहतूक करारातली सवलतसुद्धा सशर्तच आहे: इशारा चालू असला पाहिजे आणि इतरांना धोका होता कामा नये. काचा बंद, एसी आणि गाणी चालू असलेल्या गाडीत सायरन फार उशिरा ऐकू येतो. चौकाच्या ५० मीटर आधी सूर बदलायचा, लांब आळवणारा असेल तर झटके देणारा करायचा, कारण बदललेला आवाज कानाला पटकन टोचतो. लाल सिग्नलला थांबण्याइतका वेग कमी करून एकेक लेन बघत पुढे सरकायचं. सगळ्यात वाईट अपघात दुसऱ्या गाडीचे होतात. पहिली पोलीस गाडी गेली की लोकांना वाटतं झालं, आणि ते पुन्हा रस्त्यात येतात. म्हणून मागच्या गाडीने अंतर ठेवायचं आणि सायरनचा सूर पुढच्या गाडीपेक्षा वेगळा लावायचा. रात्री उभ्या गाडीचे पांढरे झगझगीत दिवे बंद करून बाकीचे मंद ठेवावेत, नाहीतर समोरून येणाऱ्याला रस्त्यावर उभा पोलीसच दिसत नाही.

पाठलागात गाड्या दोनच. पुढच्या गाडीतल्या चालकाने फक्त चालवायचं, वायरलेस शेजाऱ्याने सांभाळायचा, आणि थांबवायचा निर्णय गाडीत नसलेल्या अधिकाऱ्याचा. टायर फोडायची पट्टी दुचाकीपुढे टाकायची नाही.

देखभालीचं वेळापत्रक किलोमीटरवर बांधलं की ते फसतं. फोर्डच्या हिशोबाने एक तास आयडल म्हणजे सुमारे ५३ किलोमीटर धावल्यासारखं. दिवसाला ६ तास आयडलला उभी असलेली गाडी मीटरवर न दिसणारे ३१८ किलोमीटर खाते. ऑइल तासांवर बदला. ब्रेक ऑइल पाणी शोषतं: डॉट ४ या दर्जाचं ऑइल कोरं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शिरल्यावर हीच मर्यादा १५५ वर येते, आणि तापलेल्या ब्रेकवर पॅडल जमिनीला लागतं. दर दोन वर्षांनी ते बदलायचंच. टायरची नक्षी बऱ्याच देशांत कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. पोलीस गाडीला मी ३ वर टायर उतरवतो, कारण ओल्या रस्त्यावर वेगात तेवढी खोली लागतेच. नवा टायर घेताना वेगाचं अक्षर मूळ टायरपेक्षा खालचं नको: एच म्हणजे ताशी २१०, व्ही म्हणजे २४०. बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. स्टेपनी बारीक चाकाची असेल तर तिच्यावर ८० च्या वर जायचं नाही आणि पाठलाग तर नाहीच.

गाडी निकाली काढताना वायरलेस, कॅमेऱ्याची मेमरी, संगणक, पट्ट्या आणि चिन्हं उतरवायची. पट्ट्या काढल्यावर उन्हाने न उडालेला रंग अक्षरांच्या आकारात तसाच राहतो, तिथे पॉलिश किंवा रंग लागतो. ताफ्यातल्या गाड्यांना एकच चावी चालते अशी व्यवस्था असेल तर लिलावाआधी कुलपं बदला आणि लॉगबुकात जितक्या चाव्या नोंदल्या आहेत तितक्या मोजून परत घ्या.