निवळी

गढूळ पाणी असेल तर माठाच्या आतल्या अंगाला निवळीची बी घासायची, हा आपल्याकडचा जुना इलाज. थोड्या वेळात गाळ खाली बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. इंग्लंडमधल्या पबच्या तळघरात निवळीचं काम मासा करतो. म्हणजे अख्खा मासा नव्हे, त्याच्या पोटातली हवेची पिशवी. ती वाळवायची, सौम्य आम्लात विरघळवायची आणि ते पातळसर द्रावण बिअरच्या पिंपात ओतायचं. या पदार्थाला आयसिंग्लास म्हणतात. त्यातल्या कोलॅजेनवर धन विद्युतभार असतो आणि यीस्टच्या पेशींवर ऋण. दोघं एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाला जाऊन बसतात. मात्र द्रावणाला उष्णता सोसत नाही. २० अंशांच्या वर ठेवलं की ते नासतं आणि मग कितीही ओता, बिअर ढगाळच राहते. शाकाहारी पाहुण्याने इथे जरा चौकशी केलेली बरी.

एवढा खटाटोप कशासाठी, तर ही बिअर भट्टीतून निघते ती अर्धवटच. पिंपात भरताना तिच्यात जिवंत यीस्ट असतं आणि थोडी साखर शिल्लक असते. पुढचं आंबणं पिंपात, म्हणजे गिऱ्हाइकाच्या पायाखालच्या तळघरात होतं. लोणच्यासारखी ती मुरावी लागते. बाटलीबंद किंवा केग नावाच्या बंद पिंपातली बिअर गाळून, बहुधा पाश्चराइझ करून येते आणि वायूच्या दाबाने नळातून वर चढते. तिला पब कुठला, तळघर कुठलं, याचा काही फरक पडत नाही. अशा बिअरने पब काबीज करायला सुरुवात केली तेव्हा, १९७१ मध्ये, चार मित्रांनी एक चळवळ काढली. ती आजची ‘काम्रा’, म्हणजे ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’. पिंपात मुरलेल्या बिअरला ‘रिअल एल’ (एल ही बिअरचीच एक जात) हे नाव तिनेच लोकांच्या तोंडी बसवलं.

पबात येणारं नेहमीचं पिंप म्हणजे फर्किन. या शब्दाचा मूळ अर्थ चौथाई. ३६ गॅलनच्या बॅरलचा चौथा हिस्सा म्हणजे ९ गॅलन, ७२ पाइंट, जवळजवळ ४१ लिटर. पिंपासकट वजन पन्नास किलोच्या घरात जातं. ते आडवं करून घडवंचीवर ठेवायचं आणि पाचरी मारून घट्ट बसवायचं, कारण नंतर ते हललं की बसलेला गाळ पुन्हा उठतो. वरच्या पोटाला एक बूच असतं, त्याला शाइव्ह म्हणतात. पुढच्या तोंडाला खाली दुसरं असतं, ते कीस्टोन. आधी शाइव्हच्या मधोमध मऊ, सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकायची. ठोकल्याबरोबर फेस फसफसून वर येतो. तो पुसायचा आणि बघत राहायचं. पुसल्या पुसल्या परत आला तर आत अजून जोर आहे. हळूहळू, दोन-चार बुडबुडे करत आला, की मऊ खुंटी काढून कडक लाकडाची बसवायची. म्हणजे उरलेला वायू आत कोंडून राहतो आणि जिभेवरची चुणचुण टिकते. याला कधी दोन तास लागतात, कधी दिवस जातो. घड्याळ लावून हे काम होत नाही.

मग तोटी. ती बंद आहे ना, हे आधी दोनदा पाहायचं. कीस्टोनवर तिचं टोक नीट टेकवायचं आणि लाकडी मोगरीचा एकच दणदणीत घाव घालायचा. घाबरत घाबरत तीन टोले मारणाऱ्याचा सदरा भिजतो. खुंटीचं काम न उरकता तोटी ठोकणाऱ्याचं छतही भिजतं. त्यानंतर साधारण एक दिवस पिंपाला कुणी हात लावायचा नाही. मग पेला उजेडासमोर धरून पाहायचा, वास घ्यायचा, घोट घ्यायचा. तळघर ११ ते १३ अंशांवर हवं. फार थंड झालं तर प्रथिनं गोठून धुरकट झाक येते. ती पेला हातात धरून कोमट केला की जाते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. तळघर तापलं तर मात्र यीस्टला पुन्हा जोर येतो, नळातून नुसता फेस येतो आणि नंतर बिअर मलूल होते.

विक्री सुरू असताना कडक खुंटी काढावीच लागते, नाहीतर आत पोकळी होऊन बिअर ओढली जात नाही. खुंटी काढली की बाहेरची हवा आत शिरते. हवा शिरली म्हणजे ॲसिटिक जीवाणूही शिरले. तीन दिवसांत पिंप संपलं नाही तर बिअर व्हिनेगरच्या वाटेला लागते. म्हणून शहाणा मालक सहा तऱ्हांच्या बिअर एकदम लावत नाही. कमी गिऱ्हाइकाच्या पबात बिअर वर ओढायचे सहा हँडपंप रांगेत उभे दिसले, तर मी बाटली मागवणं पसंत करेन.

आता गावागावांचा फरक. त्याचं मूळ पाण्यात आहे. मध्य इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या विहिरींचं पाणी जिप्समने जड. त्यातल्या सल्फेटमुळे हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा, कडवटपणा धारदार आणि कोरडा लागतो, म्हणून फिक्या रंगाची पेल एल तिथे बहरली. ताज्या बर्टन बिअरला नुकत्याच ओढलेल्या काडीसारखा गंधकी वास येतो. तो दोष नाही, ओळख आहे. लंडनच्या पाण्यात कार्बोनेट जास्त. भाजलेल्या काळ्या-तपकिरी माल्टचं, म्हणजे मोड आणलेल्या धान्याचं, आम्ल त्याला बरोबर तोलून धरतं, म्हणून लंडन हे पोर्टर या काळ्या बिअरचं गाव. पुढे रसायनशास्त्र कळलं आणि दुसऱ्या गावांचे कारखानेही पाण्यात जिप्सम मिसळून आपल्या विहिरीला बर्टन करू लागले.

मुंबईच्या बंदरात उतरलेली बिअरही आधी लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या कारखान्याची, आणि १८२०च्या दशकापासून बर्टनची. समुद्रप्रवासात टिकावी म्हणून कुणा एकाने इंडिया पेल एल शोधून काढली, ही कथा ऐकायला छान आहे, पण खरी नाही. जादा हॉप्स घालून बिअर टिकवायची रीत आधीपासून होती, आणि गोऱ्या शिपायांसाठी काळी पोर्टरही ढिगाने याच वाटेने येत होती.

पोर्टर मुरवायची ती प्रचंड हौदांत. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडजवळ असा एक हौद फुटला आणि शेजारच्या गरीब वस्तीत आठ जीव गेले. तासभर आधी हौदाचं एक लोखंडी कडं निसटलेलं दिसलं होतं. कडी अधूनमधून निसटायचीच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

‘माइल्ड’ या शब्दाने आज लोक फसतात. त्याचा जुना अर्थ सौम्य असा नव्हता, ताजी, न मुरवलेली असा होता. खाणीत आणि ओतशाळेत घाम गाळून आलेला मिडलंड्सचा, म्हणजे मध्य इंग्लंडचा, कामगार गडद रंगाची, थोडी गोडसर माइल्ड ओळीने पीत असे. दुसऱ्या महायुद्धानंतरही काही वर्षं देशात तीच सर्वांत जास्त खपायची. आता ती शोधावी लागते.

आणि उत्तर-दक्षिणेचं भांडण एका बोटभर तुकड्यावरून. यॉर्कशायरमध्ये पंपाच्या तोंडाला स्पार्कलर नावाची बारीक भोकांची टोपी लावतात. त्यातून बिअर जोराने निघते आणि सायीसारखा फेस धरते. लंडनवाल्याला ही टोपी म्हणजे अपमान वाटतो. त्याला पेला काठोकाठ हवा आणि वर फेसाची नुसती रेघ. माझा कौल तऱ्हेप्रमाणे: यॉर्कशायरच्या बिटर या कडवट बिअरला टोपी हवीच, पण गोल्डिंग्ज हॉप्सचा नाजूक वास असलेल्या केंटच्या बिअरला ती लावली तर तो वास फेसातच अडकतो.

पिंप अर्ध्याच्या खाली गेलं की मागची बाजू हळूच उचलून पाचर सरकवायची, तीही वर कुणीतरी पाइंट ओढत असताना, म्हणजे हिसका बसत नाही. तरी ७२ पैकी दोन-चार पाइंट गाळात जातातच. तोटीतून ढगाळ धार आली की थांबायचं; तो पेला गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. तोटी काढून कीस्टोनच्या भोकात लगेच बूच ठोकायचं आणि वर कडक खुंटी दाबायची. रिकामं पिंप उघडं ठेवलं तर माश्या आत घुसतात, गाळ सुकून चिकटतो, आणि परत आलेल्या पिंपाला नाक लावून बघणारा कामगार मालकाच्या नावाने दोन शब्द बोलतो.