खंड्या

"दादा, इथं निळं काय सांडलंय?" फरशी पुसता पुसता मावशी थांबल्या. फडकं दोनदा फिरवलं, निळं जाईना. मग त्यांनीच वर बघितलं आणि हसल्या. खिडकीत रंगीत काचेचा खंड्या लटकत होता.

हा खंड्या 2014 पासून होऊ घातला होता. राजाबाई टॉवरखालच्या ग्रंथालयातल्या रंगीत खिडक्या मान अवघडेस्तोवर बघितल्या आणि घरी येऊन "आपणही करू" असं जेवताना बोलून बसलो. एकोणचाळीस तुकडे. अडतीस जमले. पोटाचा तपकिरी राहिला, कारण त्याची एक बाजू आत वळते. काच कापत नाहीतच खरं तर. रॉकेलमध्ये बुडवलेलं चाक फिरवून रेघ ओढायची, कर्रर्र असा आवाज सलग आला पाहिजे, मग तिला मोडायला राजी करायचं. सरळ रेघेला ती ऐकते. आतल्या वळणावर मात्र हटकून स्वतःचा रस्ता धरते. चारदा टिचली, डबा माळ्यावर गेला.

दर दिवाळीला डबा खाली यायचा, पुसला जायचा, वर जायचा. घरात एक वाक्प्रचारच तयार झाला. नळ गळायला लागला की बायको म्हणायची, "याचाही खंड्या कर आता."

पाचव्यांदा जमलं. घाई केली नाही, पकडीनं कण कण कुरतडत गेलो. कडांना तांब्याची पट्टी लावून डाख द्यायला बसलो, फ्लक्सचा, म्हणजे डाख धरावी म्हणून आधी लावतात त्या रसायनाचा, धूर नाकात गेला आणि मी थेट वाड्याच्या अंगणात. कल्हईवाला मला भाता ओढू द्यायचा. पातेलं तापलं की नवसागराची चिमूट, पांढरा लोट, कथलाची कांडी नुसती टेकवायची आणि कापसाचा बोळा गरकन फिरवायचा. काळंकुट्ट पातेलं चांदीचं! आजी मात्र आत अंगठा फिरवून म्हणायची, "ही कड राहिली."

कथील 232 अंशांना वितळतं, शिसं 327 ला, पण डाखेतलं मिश्रण 200 च्या आतच. (संसाराला लावून बघू नये.)

माझ्याही दोन कडा राहिल्यात. आजी नाही, म्हणून खपून गेल्या.

ऊन खिडकीत येतं ते फक्त साडेतीन ते चार. तेव्हा समोर आंबा होता, आता चौदा मजले आहेत. मावशींनी निळ्यावरून पुन्हा एकदा फडकं फिरवलं, उगाच.

नळ अजून गळतोय.