मुक्कामी

मे महिन्यात खान्देशात रात्री साडेआठला घरात बसलेला माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर त्याच्याकडे एसी असतो. बाकी सगळं जळगाव, भुसावळ, धुळं गच्चीवर. दिवसभर पंचेचाळीसच्या उन्हात भाजलेला स्लॅब संध्याकाळी दोन-चार बादल्या पाणी पिऊन वाफ सोडतो आणि तरी रात्री उशिरापर्यंत पाठीला चटके देतच असतो. आमच्याकडे आईचे वाळत घातलेले बिबडे उचलून झाले की त्या जागेवर आप्पांची बाज येते. शेजारी माठातल्या पाण्याचा तांब्या, आणि उशीला टेकवून उभा केलेला माझा मोबाइल. मोबाइलवर इटलीतला बर्फ.

जिरो द इतालिया ही तीन आठवड्यांची सायकल शर्यत नेमकी मे महिन्यात असते, ही त्या इटलीवाल्यांची आमच्यावर मेहेरबानीच. तिकडे सव्वापाचच्या सुमाराला टप्पा संपतो तेव्हा आपल्याकडे पावणेनऊ वाजलेले असतात. जेवणं झालेली, झोपेचा पत्ता नाही, आणि समोर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच बर्फाच्या भिंती. नुसतं बघूनसुद्धा बरं वाटतं.

शर्यतीचा हिशेब सोपा आहे. एकवीस टप्पे, सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आसपास किलोमीटर, मध्ये दोन-तीन दिवस विश्रांती. रोज प्रत्येकाला लागलेला वेळ मांडायचा, रोजची बेरीज करायची, आणि ज्याची बेरीज सगळ्यांत कमी त्याने दुसऱ्या दिवशी गुलाबी जर्सी घालायची. गुलाबी का, तर ही शर्यत 1909 साली ज्या वर्तमानपत्राने खप वाढवायला सुरू केली ते 'गाझेत्ता देल्लो स्पोर्त' गुलाबी कागदावर छापलं जातं. जुन्या काळी घाटमाथ्यावर पोचलेले सायकलवाले उतरताना गारठा लागू नये म्हणून जर्सीच्या आत छातीशी वर्तमानपत्र कोंबायचे. ज्या पेपरापायी एवढी रपेट, तो निदान अंगावर घ्यायच्या तरी कामाला आला.

आमचे आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. निम्मी नोकरी चाळीसगाव-कन्नड घाटात गेली. त्यामुळे त्यांनी सुरुवातीला सायकलवाल्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाहिल्या त्या मागच्या मोटारी. प्रत्येक संघाची गाडी शर्यतीच्या मागून चालते. टपावर आठ-दहा सायकली उभ्या, आत सुटी चाकं, बर्फातलं पाणी, खाणं. ड्रायव्हर एका हाताने स्टिअरिंग धरतो, दुसऱ्या हाताने वायरलेसवर बोलतो, त्याच हाताने खिडकीतून बाटली देतो, आणि मागच्या सीटवरचा मेकॅनिक कमरेपर्यंत बाहेर लोंबून चालत्या सायकलचा ब्रेक नीट करतो. पुढे वळण, खाली दरी, दोन्ही बाजूंना हुर्रेबाज पब्लिक. आप्पा उठून बसले. "हाऊ डायवर पक्का शे," म्हणाले. आप्पांच्या तोंडून दुसऱ्या ड्रायव्हरची स्तुती निघणं ही आमच्या घरात नोंद करून ठेवण्यासारखी गोष्ट.

मग स्टेल्व्हियो घाट दाखवला. उंची 2758 मीटर, एका बाजूने चढताना अठ्ठेचाळीस वळणं, आणि प्रत्येक वळणावर नंबराचा दगड. आप्पांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि निकाल दिला, "सेकंडना घाट शे. आठे थर्ड टाका का गयी गाडी."

बाटलीचा एक प्रकार तर त्यांना फारच आवडला. सायकलवाला गाडीतून बाटली घेतो तेव्हा बाटली हातात आल्यावरही लगेच सोडत नाही. आतला माणूसही सोडत नाही. दोघं मिळून बाटली धरून ठेवतात आणि तेवढ्या चार-सहा सेकंदांत गाडी सायकलला फुकटात ओढून घेते. फार वेळ धरली तर पंच दंड करतात, थोडी धरली तर पंचांचं लक्ष नेमकं दुसरीकडे असतं. एसटीच्या मागच्या शिडीला धरून सायकलवर घाट चढलेली पोरं आप्पांनी आरशात जन्मभर पाहिलेली. त्यांना वाटायचं हा आपल्याकडचाच उद्योग आहे.

मला मात्र जिरोत रस आहे तो पहिल्या नंबरात नाही. पहिल्या नंबराचं कौतुक करायला जग आहे. तेवीस संघ, प्रत्येकात आठ, म्हणजे 2025 मध्ये सुटताना एकशे चौऱ्याऐंशी जण होते. त्यातले जिंकायच्या बेताने आलेले हाताच्या बोटांवर मोजावेत. उरलेले काय करतात? कुणी आपल्या संघाच्या म्होरक्याला वाऱ्यापासून आडोसा देतो, कारण पुढच्याच्या चाकाला चिकटून चालवलं की तिसरा हिस्सा ताकद वाचते. कुणी मागे जाऊन सात-आठ बाटल्या जर्सीत पाठीवर, पोटावर कोंबून, पोतं झाल्यासारखा पुन्हा पुढे येतो. आणि डोंगराच्या दिवशी या सगळ्यांचं एकच काम असतं, ते म्हणजे वेळेत पोचणं.

ही वेळेची भानगड सांगायलाच हवी. प्रत्येक टप्प्याला एक मुदत असते. पहिला जेवढ्या वेळात आला त्यावर अमुक टक्के. सपाट रस्ता असेल तर टक्के कमी, घाट अवघड असेल तर जास्त. पाच तासांच्या घाटाला पाऊण-एक तासाची सवलत मिळते. त्यानंतर आलास तर उद्या घरी. आता मजा बघा, मागचा माणूस घाट चढत असतो तेव्हा त्याला आपली मुदत माहीत नसते, कारण पहिला अजून पोचलेलाच नसतो. पुढे दोन वाघ एकमेकांना फाडायला निघाले की मागच्यांची मुदत मिनिटामिनिटाने आटत जाते. ते तिकडे हौसेने पळतात, इकडे ऐंशी किलोचे स्प्रिंटर, म्हणजे सपाटीवर शेवटच्या क्षणी सुसाट सुटणारे गडी, शिव्या घालतात.

म्हणून डोंगर लागला की मागे एक घोळका आपोआप जमतो. त्याला ग्रुपेत्तो म्हणतात. सपाटीवर एकमेकांना कोपराने ढकलणारे वैरी इथे एका रांगेत येतात. एखादा जुना जाणता खेळाडू पुढे होऊन हिशेब करतो, चढावर किती हळू गेलं तर चालेल, उतारावर किती कमवायचं, खालच्या सपाट खोऱ्यात किती जोर लावायचा. चढावर कुणी उगाच जोरात मारायला लागला तर मागून ओरडा होतो. उतारावर मात्र हेच लोक जीव धोक्यात घालतात, कारण फुकटची मिनिटं तिथेच असतात. शेवटी घोळका मुदतीच्या दोन-चार मिनिटं आधी पोचतो. फार आधी पोचला तर ती ताकद वाया गेली, असा हिशेब. मोठा घोळकाच उशिरा आला तर पंच कधीकधी डोळेझाक करतात. सगळ्यांनाच घरी पाठवलं तर उद्या रस्त्यावर कोण? हेही त्यांना पक्कं ठाऊक असतं, आणि एकत्र राहण्याचं ते एक कारण असतंच.

कॅमेरा तिकडे फारसा जात नाही. गेला की मी आप्पांना हाक मारतो. "मुक्कामी उनी का?" ते विचारतात. रात्रीची शेवटची एसटी, जी गावात जाऊन थांबते, पहाटे तिथूनच निघते, ती मुक्कामी. आप्पांनी तिच्यावर बरीच वर्षं काढली. तिला घाई नसते, पण तिला पोचायलाच लागतं. ती नाही पोचली तर सकाळी गावातून शहरात जायला गाडीच नाही. ग्रुपेत्तोचं नाव त्यांनी पहिल्या दिवशीच मुक्कामी करून टाकलं, आणि मी कितीही सुधारलं तरी आता आमच्या गच्चीवर तेच चालतं.

याच मुक्कामीतून उतरलेला माणूस शेवटच्या दिवशी जिंकतो, हे आणखी एक. 2025 च्या जिरोत रोममधला शेवटचा टप्पा ओलाव कोय या डच स्प्रिंटरने मारला. आल्प्समध्ये असल्या गड्याला पहिल्यांत शोधायचं नसतं. पण तो रोज मुदतीत आला नसता तर रोमला आलाच नसता.

आणि सायमन येट्सचं काय सांगावं. 2018 मध्ये हा ब्रिटिश गडी बरेच दिवस गुलाबी जर्सीत होता. कोल्ले देल्ले फिनेस्त्रे नावाचा घाट लागला, वरचे आठ किलोमीटर कच्चा रस्ता, आपल्या शेतरस्त्यासारखी माती-खडी. तिथे त्याची चाकंच फिरेनात. त्याचा प्रतिस्पर्धी क्रिस फ्रूम ऐंशी किलोमीटर एकटा पळत सुटला आणि येट्स त्या दिवशी अडतीस मिनिटांहून जास्त मागे पडला. जर्सी गेली, सगळं गेलं, तरी तो मुक्कामीने का होईना मुदतीत आला, रोमपर्यंतही गेला. सात वर्षांनी, 2025 मध्ये, शर्यत संपायच्या आदल्या दिवशी पुन्हा तोच घाट. या वेळी तो तिसऱ्या नंबरावर, गुलाबी जर्सीवाल्या इसाक देल तोरोच्या 1 मिनिट 21 सेकंद मागे. त्याच घाटात तो सुटला आणि जिरो जिंकला. त्या रात्री मी गच्चीवर इतका ओरडलो की शेजारच्या काकूंनी टॉर्च मारून विचारलं, "काय रे, साप निंघना का?"

पैशांचा प्रश्न आप्पांनी पहिल्याच आठवड्यात काढला. "यास्ले पगार कितला?" मी आकडे टाळून त्यांना पहिल्या जिरोची गोष्ट सांगितली. 1909 साली मिलानहून पहाटे तीनच्या आत 127 जण सुटले. पहिलाच टप्पा 397 किलोमीटरचा. आठ टप्प्यांनंतर 49 उरले. जिंकला लुईजी गान्ना, पेशाने गवंडी. एवढा पहिला जिरो जिंकल्यावर कसं वाटतंय, असं विचारलं तर गडी आपल्या बोलीत म्हणाला, ढुंगण फार जळतंय. आप्पा हसता हसता खोकायला लागले. सलग बारा तास ड्रायव्हर-सीटवर बसणाऱ्याला हे उत्तर समजावून सांगावं लागत नाही. आई मात्र खाली जाताना "काय मेलं बोलतात" म्हणून गेली.

तिच्यासाठी मी आल्फोन्सिना स्त्रादा राखून ठेवली होती. 1924 च्या जिरोत पुरुषांबरोबर धावलेली एकमेव बाई. पावसा-वाऱ्यात, पेरुज्याच्या टप्प्यावर, तिच्या सायकलचं हँडल मोडलं. तिने झाडूचा दांडा बसवला आणि निघाली. पोचली तेव्हा मुदत संपलेली. नियमाने ती बाद, पण रस्त्यावर लोक तिलाच बघायला येत होते, म्हणून आयोजकांनी सांगितलं, नंबरात धरणार नाही, पण ये. ती शेवटपर्यंत आली. नव्वदांतले तीसच पुरुष पोचले होते त्या साली. आईने एवढंच विचारलं की झाडू कोणी दिला. याचं उत्तर मला देता आलं नाही; पण प्रश्न बाईमाणसाचाच होता, कारण मोडका झाडू घेऊन त्या घरच्या बाईने मग अंगण कशाने झाडलं?

2026 च्या जानेवारीत पुण्यात अशी टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, 437 किलोमीटरची. त्याआधी तिकडचे रस्ते गुळगुळीत केल्याचे फोटो आमच्या ग्रुपवर फिरत होते. खाली कुणीतरी लिहिलं, "एक टप्पा पारोळा-एरंडोलकडूनही काढा राव, जिंको कुणीही." त्यावर इतके अंगठे आले की बाकी कुठल्या विषयावर खान्देशचं असं एकमत मी पाहिलेलं नाही. मे महिन्यात मात्र शर्यत आणू नका. रावेर-यावलकडे केळीची पानं जिथे उन्हाने करपतात, तिथे लायक्राच्या जर्सीतल्या माणसाचं काय होईल?

परवा आप्पांना मालाब्रोका सांगितला. दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षं जिरोत शेवटच्या नंबराला काळी जर्सी मिळायची. लोकांना त्याची दया यायची, बक्षिसं, भेटी मिळायच्या. लुईजी मालाब्रोकाने 1946 आणि 1947 अशी दोन वर्षं ती मिळवली, आणि मिळवण्यासाठी तो कोठारात लपायचा, खानावळीत बसून राहायचा. एकदा म्हणे पाण्याच्या टाक्यात उतरून बसला होता. शेतकऱ्याने इथे काय करतोस विचारलं तर म्हणाला, जिरो पळतोय. 1949 मध्ये सान्ते कारोल्लो नावाचा गवंडी त्याच्याहून हळू निघाला. शेवटच्या दिवशी मालाब्रोका असा लपला, असा लपला, की तो पोचला तेव्हा वेळ लावणारे पंच कंटाळून घरी गेलेले. त्याला मोठ्या घोळक्याचीच वेळ देऊन टाकली, आणि काळी जर्सी गेली कारोल्लोकडे.

मला वाटलं आप्पा हसतील. त्यांना लबाडीचं काही वाटलंच नाही. "गाडी येवानी बाकी शे, आन् कंट्रोलर घर गया?" ते बाजेवर उठून बसले. "मेमो दिन्हा का त्यास्ले कोनी?"

म्हटलं, आप्पा, 1949 सालची गोष्ट आहे.

"मंग?" ते म्हणाले. आपली एसटी जून 1948 ला सुरू झालेली, नगर-पुणे. म्हणजे वर्ष झालं होतं. शेवटची गाडी आल्याशिवाय कंट्रोलरने उठायचं नाही, हे आपल्याकडे एका वर्षात कळलं होतं, आणि त्यांची शर्यत तोवर चाळीस वर्षांची झालेली. मग त्यांनी मला त्या पंचांची नावं शोधायला सांगितली.