स्क्रू कुठला टाकला?

गुडघ्याच्या लिगामेंटच्या ऑपरेशनला सात महिने झाले आणि अजून भेटायला येणारा प्रत्येकजण हेच विचारतो, नवं लिगामेंट हाडात धरून ठेवणारा स्क्रू इंडियन की इम्पोर्टेड. स्क्रू भारी म्हणजे गुडघा पक्का असा सगळ्यांचा हिशोब. खरं सांगायचं तर माझाही तोच होता.

कबड्डीत गेला डावा गुडघा. पाय मॅटवर चिकटून राहिला, अंग तेवढं फिरलं आणि आतून कट्ट आवाज आला. एमआरआयमधे एसीएल, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारं आतलं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं, वर आतली गादी म्हणजे मेनिस्कस पण फाटलेलं. मला वाटलं गादी काढून टाकतील, विषय संपला. पण डॉक्टरांनी टाके घालून ती वाचवली, म्हणाले घाटात ट्रक थांबवला की चाकाला दगड लावतात ना, आतल्या बाजूच्या गादीचा मागचा भाग तसा आहे, नडगी पुढं सरकू देत नाही, तो दगड काढला तर सगळा लोड नव्या लिगामेंटवर.

ते नवीन लिगामेंट, म्हणजे ग्राफ्ट, माझ्याच हॅमस्ट्रिंगचं, मांडीच्या मागच्या स्नायूच्या दोरीचं, चार पदरी करून साडेआठ मिलिमीटर जाड भरलं. तरुण पेशंटमधे ८ च्या खाली गेलं तर तुटायची भीती जास्त. आणि ग्राफ्ट ओवायला हाडात पाडतात ते भोक जागेवर पडणं हे तर सगळ्यात महत्त्वाचं, ते फार उभं पडलं की पुढं-मागं हलणं थांबतं पण वळताना गुडघा सटकायचा तो सटकतोच. नडगीच्या हाडाचा वरचा उतार पण बघतात, १२ अंशांच्या वर असेल तर ग्राफ्टवर कायम ताण, आणि त्याला आपण काय करणार, जन्मापासून तसाच! आमच्या टीममधल्या १९ वर्षांच्या पोराला तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूनं एक जादाची पट्टी पण लावली. २०२० साली एका मोठ्या ट्रायलचा रिझल्ट आला होता, १४ ते २५ वयाच्या ६१८ पेशंटची, दोन वर्षांत नुसत्या ग्राफ्टवाल्यांत ११ टक्के जणांचा ग्राफ्ट तुटला आणि पट्टीवाल्यांत ४.

हे सगळं डॉक्टरांच्या हातातलं. माझ्या हातात होतं ते मी दहाव्या आठवड्यात घालवत होतो. दुखणं गेलं होतं, सूज नव्हती, म्हणून सुटलेल्या एसटीमागं पळालो. फिजिओ मॅडमना सांगितलं तर त्यांनी पेनच खाली ठेवलं. ग्राफ्टला सुरुवातीला रक्तपुरवठाच नसतो, दीड ते तीन महिन्यांच्या मधे तो सगळ्यात कच्चा असतो आणि नेमकं तेव्हाच पेशंटला वाटतं आपण बरे झालो. मग त्यांनी टेप काढली, वाटीच्या वर १० सेंटिमीटरवर खूण करून दोन्ही मांड्या मोजल्या, उजवी ४९, डावी साडेपंचेचाळीस. माझं तोंडच बंद झालं.

तेव्हापासून रोज स्क्वॅट, लेग प्रेस, आणि एका पायावर उभं राहून डोळे मिटायचे, ह्यात अजून भिंत धरावी लागते. तुटलेल्या लिगामेंटबरोबर पाय कुठं आहे हे मेंदूला कळवणाऱ्या नसा पण जातात म्हणे, ते सगळं परत शिकवायचं.

परवा एका पायावर लांब उडीची टेस्ट झाली. उजवा १५२ सेंटिमीटर, डावा १२१. चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के लागतात आणि नऊ महिने व्हायच्या आत मॅटवर उतरायचं नाही म्हणजे नाही. कोचचे चार मिस्ड कॉल पडलेत, उचललेले नाहीत.