सोमवारचा दिवस

१६ मार्च, डिचोली.

आज सोमवार असल्यामुळे सकाळीच नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला जाऊन आले. २०१८ साली याच तारखेपासून गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले होते आणि १५ मार्चनंतर खनिज काढायचे नव्हते. त्याआधी २०१२च्या सप्टेंबरातही खाणी थांबल्या होत्या. पण पहिल्या वेळी माणूस ‘महिन्याभरात सुटेल’ असे म्हणत दिवस काढतो, दुसऱ्या वेळी तसे म्हणायलाही जीभ उचलत नाही.

आमच्या अंगणात खनिज वाहणारे दोन ट्रक उभे होते. एकाचे कर्ज फिटले होते, दुसऱ्याचे निम्मेही फिटले नव्हते. पहिल्याच पावसात टायरांवर शेवाळ धरले, मागच्या चाकांवरून घोसाळ्याचा वेल थेट हौद्यापर्यंत चढला आणि त्याला लागलेली घोसाळी आम्ही भाजी करून खाल्ली. दर सोमवारी मात्र हे आंघोळ करून जुन्या ट्रकात चढत, काचेसमोरची सप्तकोटेश्वराची तसबीर पुसून तिला फूल वाहत आणि दहा मिनिटे इंजिन सुरू ठेवत, कारण तसे न केल्यास बॅटरी बसते. त्या आवाजाचा मला संताप येई. उभ्या गाडीत डिझेल जाळायला पैसे कुठून आणता, असे मी एकदा विचारलेही. ‘बोलावणे येईल तेव्हा गाडी सुरू व्हायला नको का?’ एवढेच ते म्हणाले.

माझी भक्ती त्या काळात निव्वळ व्यवहाराची होती. गावच्या देवळात प्रसाद लावला, म्हणजे देवाला पाकळ्या लावून कौल मागितला, होकाराची उजवी पाकळी पडली, भटांनी गाऱ्हाणे घातले, मी नवस बोलले आणि घरी येऊन जणू पावती हातात असल्यासारखी वाट पाहत बसले. पुढच्याच महिन्यात बँकेची नोटीस आली. त्या रात्री मी देवघरात दिवा लावला नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही.

नार्व्याच्या देवळात बसले की मला त्या रात्रीची लाज वाटते, कारण तिथला देव स्वतःच किती वेळा बेघर झाला आहे! गोव्याचे कदंब राजे स्वतःला ‘सप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’ म्हणवीत, इतका त्यांना त्याच्या वराचा अभिमान होता. दिवाडी बेटावरचे ते देऊळ बहमनींच्या काळात पडले, विजयनगरच्या माधवमंत्र्याने ते पुन्हा उभारले आणि १५४० मध्ये पोर्तुगिजांनी ते पुन्हा पाडले. लिंग विहिरीला साधा दगड म्हणून लावले होते, असे सांगतात. भक्तांनी ते सोडवून नदीपलीकडे नार्व्याला आणले आणि आज दिसणारे देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये उभारविले.

१५४० ते १६६८ म्हणजे १२८ वर्षे. देवळाचा विध्वंस ज्यांनी डोळ्यांनी पाहिला, त्यांच्यापैकी एकानेही महाराजांनी बांधलेले देऊळ पाहिले नसणार. आपण सहज ‘देव पावला’ म्हणतो, पण त्या माणसांना आयुष्यभरात तसे म्हणण्याची वेळ आली असेल असे मला वाटत नाही. ‘देव पाठीशी आहे’ एवढेच ते म्हणू शकले असतील, आणि जे पाठीशी असते ते काही डोळ्यांसमोर दिसत नाही. तरीही त्यांनी आणि त्यांच्या मुलानातवंडांनी बेल आणि पाणी चुकवले नाही, म्हणूनच देऊळ बांधायची वेळ आली तेव्हा नार्व्याला देव होता.

गाभाऱ्यासमोर बसून आज मी काहीही मागितले नाही. खरे म्हणजे मागायचे ठरवून गेले होते, पण पुढची माणसे सरकेपर्यंत मला ह्यांच्या ट्रकाचाच आवाज आठवत राहिला.

कर्जाचा ट्रक शेवटी बँकेने नेलाच आणि तो विकूनही बाकी राहिली. जुन्या ट्रकावर हे आता चिरे वाहतात. मी परतले तेव्हा अंगणात गाडी नव्हती, कारण मयेला एका घरासाठी चिरे पोहोचवायचे होते. नार्व्याहून आणलेले बेलाचे पान मी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले आहे. हे घरी आले की ते काचेसमोरच्या तसबिरीला वाहीन. शुक्रवारी हप्ता भरायचा आहे.