रिटायरमेंटचा फासा टाकायचा कधी?

सिम हॉकी लीगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या आइस हॉकीच्या खोट्या लीगमध्ये, ट्रेडपेक्षा (प्लेयरच्या अदलाबदलीपेक्षा) जास्त भांडणं रिटायरमेंटवरून होतात. साहजिक आहे, आपल्या रोस्टरवरच्या (टीमच्या यादीतल्या) प्लेयरचे गुडघे काही दुखत नाहीत, मग तो थांबणार कधी हे कुणीतरी ठरवायला लागतं, आणि शिव्या खायला लीग चालवणारा कमिशनर असतोच.

काही लीग सरळ वय ठरवतात, चाळिशी झाली की घरी. मला हे अजिबात पटत नाही. खऱ्या एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली मोठी आइस हॉकी लीग) गॉर्डी हाऊ १९७९-८० मध्ये हार्टफर्डकडून सगळ्या ८० मॅच खेळला, १५ गोल मारले, आणि सीझन संपता संपता ५२ वर्षांचा झाला! शिवाय वय आधीच माहीत असलं की शेवटच्या वर्षी प्रत्येक जीएम (टीम चालवणारा) त्या प्लेयरला विकायला निघतो आणि घ्यायला कुणीच नसतं.

त्यापेक्षा फासा बरा. पस्तिशीपासून दर ऑफ-सीझनला टाकायचा, वयाप्रमाणे चान्स वाढवायचा, रेटिंग भारी असेल तर थोडा कमी करायचा, गोलकीपरला दोन-तीन वर्षं जास्तीची सूट द्यायची. पण टाकायचा कधी, तर प्लेऑफ संपल्या संपल्या, ड्राफ्ट (नवे प्लेयर निवडणं) आणि फ्री एजन्सीच्या (काँट्रॅक्ट संपलेल्यांना घेणं) आधी. नंतर टाकला की कुणीतरी छत्तीस वर्षांच्या डिफेन्समनला हौसेनं तीन वर्षांचं काँट्रॅक्ट दिलेलं असतं आणि तो पहिल्याच आठवड्यात रिटायर, मग ग्रुपवर जो राडा होतो तो विचारू नका.

खरी गोम मात्र कॅपची, म्हणजे टीमच्या एकूण पगारावरच्या मर्यादेची आहे. रिटायर झाला की काँट्रॅक्ट गायब असा रूल असेल तर हुशार जीएम म्हाताऱ्याला सात वर्षांचं डील देतो, पैसे लांबवर पसरवून वर्षाचा आकडा खाली आणतो, आणि पुढचा भार फाशावर सोडून देतो. एनएचएलनं हाच खेळ बघून २०१३ मध्ये रिकॅप्चर आणलं, म्हणजे असा प्लेयर डील संपायच्या आधी रिटायर झाला की कॅपवर वाचवलेले पैसे नंतर टीमच्या कॅपवर बसवायचे. रॉबर्टो लुओंगो २०१९ मध्ये फ्लोरिडातून रिटायर झाला, पण ते लांबलचक डील २००९ मध्ये दिलं होतं व्हँकूव्हरनं, म्हणून त्यांच्या कॅपवर पुढचे तीन सीझन दरवर्षी साधारण ३० लाख डॉलर बसले. आता ती पेनल्टी त्यांनी डील दिलं तेव्हा नसलेल्या रूलची होती, त्यामुळे त्यांची चिडचिड मला समजते, पण सिममध्ये आपण रूल पहिल्या दिवसापासून लिहून ठेवू शकतो ना! डील ज्यानं दिलं त्याच्याच डोक्यावर निम्मा तरी भार, ट्रेड केला तरी.

कमबॅक मात्र नको. मारिओ लेमिऊ १९९७ ला थांबून डिसेंबर २००० मध्ये परत आला ते खरंय, पण सिममध्ये परत आलेल्या प्लेयरचे राइट्स कुणाचे यावरून वेगळं महाभारत सुरू होतं.